सोमवारची गोळी बुधवारी: एका शाळेतल्या लोहगोळ्यांचं प्रकरण

मराठवाड्यातल्या एका ऊसतोड तालुक्यातली ही अनुदानित माध्यमिक शाळा, पाचवी ते दहावीची. गाव, शाळा आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. तालुक्यात किशोरवयीन मुलामुलींसोबत समुपदेशनाचं काम करताना या शाळेशी माझा वर्षभर संबंध आला. शिक्षक, आरोग्यसेविका आणि आशाताईंच्या प्रशिक्षणात चर्चेला घ्यावं म्हणून हे प्रकरण लिहून काढलं आहे.

पार्श्वभूमी

शाळेत आठवड्याला एक निळी गोळी द्यायची, हा साप्ताहिक लोह व फॉलिक ॲसिड कार्यक्रम देशात 2012-13 पासून आहे. 2018 मध्ये ॲनिमियामुक्त भारत मोहिमेत तो सामावला गेला. गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. सोबत वर्षातून दोनदा जंतनाशकाची, म्हणजे अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी. कागदावर कार्यक्रम सोपा आहे: वार ठरवा, जेवणानंतर शिक्षकांसमोर गोळी द्या, कार्डावर खूण करा.

गरजेबद्दल वाद नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59.1 टक्के मुलींना रक्तक्षय होता. आधीच्या पाहणीत हाच आकडा 54.1 होता, म्हणजे इतकी वर्षं गोळ्या वाटूनही तो वरच गेला. 13 ते 15 वयाच्या मुलीला दिवसाला साधारण 30 मिलिग्रॅम लोह लागतं. अंग वाढतंय, पाळी सुरू झाली आहे, आणि ताटात बहुतेक दिवस भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. शेतात अनवाणी चालणाऱ्या मुलींच्या पोटात आकडीजंत असले तर ते वेगळंच रक्त पितात.

या शाळेतल्या मुली आजूबाजूच्या वस्त्यांवरून दोन-तीन किलोमीटर चालत येतात. सकाळी पाणी भरणं, भाकरी थापणं, धाकट्यांना आवरणं, मग घाईत कपभर चहा आणि जमलं तर त्यात बुडवून अर्धी चपाती. दसऱ्यानंतर निम्म्याहून जास्त घरांतले आईबाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. मागे राहणाऱ्या मुली आजीकडे असतात. काही मुली फडावर जातात आणि चैत्रात परततात.

गोळ्यांची जबाबदारी विज्ञानाच्या मॅडमकडे होती. दर सोमवारी सकाळी परिपाठ संपला की रांगेतच वाटप व्हायचं. महिन्याचा अहवाल वेळेवर जायचा आणि त्यात जवळपास सगळ्या मुलींनी गोळी घेतल्याचं दिसायचं. तालुक्याच्या बैठकीत या शाळेचं नाव चांगल्या यादीत असायचं.

प्रश्न कसा उघड झाला

शाळेच्या शिपायाला पिण्याच्या पाण्याच्या नळाखालचं सिमेंट घासताना निळे डाग सापडले. घासून जात नव्हते. पलीकडे मेंदीच्या कुंपणात त्याला अर्धवट विरघळलेल्या गोळ्या दिसल्या. मुठीत मावतील एवढ्या तर त्याने एका जागीच गोळा केल्या आणि मॅडमच्या टेबलावर आणून ठेवल्या. मुलींची पद्धत सरळ होती. गोळी जिभेखाली धरायची, "पाणी पिऊन येते" म्हणायचं आणि नळाशी थुंकायची. मॅडम एकट्या, समोर सहा वर्ग. कोणी गिळली आणि कोणी धरून ठेवली हे त्यांना कळणार कसं?

मॅडमनी हे कोणाला सांगितलं नाही, आणि त्यांचं कारण समजण्यासारखं होतं. अहवालात शंभर टक्के लिहिलेलं असताना कुंपणात गोळ्या सापडल्या हे वर कळवायचं म्हणजे स्वतःवर नोटीस ओढवून घेणं. त्यांनी आपल्या परीने कडक व्हायचं ठरवलं. "तोंड उघडून दाखव, आ कर," असं सुरू झालं.

श्रावणातला सोमवार

कडक तपासणी सुरू झाल्यानंतर लगेच श्रावण लागला. श्रावणी सोमवारी मुलींचा उपवास. मोठ्या मुली तर कडकडीत धरतात, साबुदाणाही संध्याकाळी. शाळा अर्धा दिवस. शाळेची खिचडी उपवासाला चालत नाही, त्यामुळे ज्यांना ती एरवी मिळते त्यांच्याही पोटात काही नव्हतं. परिपाठाला उन्हात उभं राहून, उपाशीपोटी, आ करून गोळी गिळावी लागली. पाऊणेक तासात नववीतली एक मुलगी वर्गाबाहेर जाऊन ओकली. मग आणखी दोघी. ते पाहून शेजारच्या वर्गातल्या मुलींना गरगरायला लागलं. कोणी रडायला लागलं, कोणी पोट धरून बसलं.

मुख्याध्यापकांनी जीप बोलावून वीसेक मुली प्राथमिक आरोग्य केंद्रात नेल्या. डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं, ओआरएस दिलं, ज्यांना मळमळत होतं त्यांना आडवं केलं. दुपारनंतर सगळ्या घरी गेल्या, कोणालाही दाखल करावं लागलं नाही. पण तोवर केंद्राच्या दारात गर्दी जमली होती, मोबाइलवर व्हिडिओ फिरत होता आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात विषबाधा हा शब्द छापून आला.

शिक्षकांच्या खोलीत एक मत असं होतं की दोघी-तिघी खऱ्या, बाकी नाटक. माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात नुकसान करणारं वाक्य हेच. रिकाम्या पोटी 60 मिलिग्रॅम लोह गेलं की जठराला त्रास होतो, हे औषधाचं नेहमीचं लक्षण आहे. मैत्रीण ओकताना पाहून दुसरीलाही मळमळतं, आणि ती मळमळही खरीच असते. मुलींना खोटं ठरवलं की पुढच्या वेळी त्या त्रास सांगत नाहीत, गपचूप नळाकडे जातात.

शाळेने वाटप थांबवलं. पालकांनी तोंडीच बजावलं होतं: "पुन्हा लेकरांना गोळी द्याल तर बघा."

मुली आणि आया काय म्हणत होत्या

पुढे काय करायचं हे ठरवण्याआधी मी आणि उपकेंद्राच्या सिस्टरनी मुलींच्या लहान गटांशी बोलायचं ठरवलं, शिक्षक नसताना. पहिल्या गटात कोणी तोंड उघडलं नाही. सिस्टरनी स्वतःच्या बाळंतपणात लाल गोळ्या खाताना आपल्याला किती करपट ढेकर यायचे ते सांगितलं तेव्हा सातवीतली एक मुलगी म्हणाली, "आम्हालाबी तसंच होतंय, पण मॅडम म्हणतात नखरे करू नका."

मग बरंच निघालं. गोळीनंतर शी काळी होते, आणि ती का होते हे कोणी सांगितलेलं नव्हतं. एकीने घरी पाहिलं आणि आतडं सडतंय असं समजून रात्रभर जागी राहिली. काळ्या शीवरून गोळीने कातडीही काळी पडते, अशी समजूत झाली होती आणि लग्नाच्या वयाकडे निघालेल्या मुलींच्या घरात तिला वजन होतं. भूक वाढते म्हणजे जाड होणार, हीही भीती. शिवाय मुलगे चिडवायचे. कार्यक्रमात मुलग्यांनाही गोळी आहे, पण इथे साठा कमी पडला की आधी मुलींना द्यायची पद्धत पडली होती. त्यामुळे ती पोरींची गोळी झाली, आणि घेणारी पोर अंगात रक्त नसलेली.

आयांची काळजी वेगळी होती. बचत गटाच्या बैठकीत एका बाईने आवाज खाली आणून विचारलं, "सिस्टर, ह्या गोळीनं लेकीच्या पिशवीला काही व्हायचं नाही ना?" हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा विषय 2019 मध्ये राज्यभर गाजला. सरकारी समितीच्या पाहणीत पिशवी काढलेल्या बायांची संख्या तेरा हजारांवर निघाली. ज्या भागात पाळीची सुट्टी म्हणजे मजुरी आणि मुकादमाचा दंड, आणि साध्या दुखण्यावर पिशवी काढून टाका हा सल्ला, तिथल्या आईला सरकारी गोळीची भीती वाटली तर चूक कोणाची?

त्या भीतीला आणखी एक मूळ होतं. माला-एन या सरकारी गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटात 28 गोळ्या असतात. 21 संप्रेरकाच्या आणि 7 लोहाच्या. गोळ्यांचं पान पाहून आणि त्यात लोह आहे हे ऐकून दोन-तीन आयांनी धागा जुळवला होता: आपण खायचो तीच पाळणा लांबवायची गोळी आता पोरींना देतात.

कोणते पर्याय होते

मुख्याध्यापकांचा कल गोळ्या या वर्षापुरत्या बंद ठेवून आहारावर भर देण्याकडे होता. गूळ-शेंगदाण्याची चिक्की, बीट, खजूर. पालक खूश, वर्तमानपत्र खूश. पण 13 वर्षांच्या मुलीची महिन्याची तूट गुळाने भरून निघत नाही. गुळात लोह असतं, पण खाण्याचं प्रमाण लहान आणि त्यातलं अंगी लागतं ते त्याहून लहान. बीट तर केवळ लाल रंगावर नाव कमावून बसलं आहे. चांगलं खाणं हवंच. आपल्याकडे 2012 मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झालेलं धनशक्ती हे जास्त लोहाचं बाजरीचं वाण आहे आणि बाजरीची भाकरी इथे घरोघर होते. तरीही आधीच कमी रक्त असलेल्या मुलीला आहार हा गोळीचा जोडीदार आहे, बदली नाही. सिस्टरनी हे ठामपणे मांडलं.

दुसरा पर्याय गोळ्यांचं पान घरी देण्याचा होता. शिक्षकांना तो आवडला, जबाबदारी जाते म्हणून. आम्ही दोन कारणांनी तो बाजूला ठेवला. घरी गोळी खाल्ली जाईल याची खात्री नाही हे एक. दुसरं जास्त गंभीर: या गोळ्या गोड आवरणाच्या आणि रंगीत असतात. दोन वर्षांच्या भावंडाने मूठभर खाल्ल्या तर लोहाची विषबाधा जिवावर बेतू शकते. एका खोलीच्या घरात पान ठेवायचं कुठे?

तिसरा पर्याय जुनीच पद्धत चालू ठेवून मधल्या सुट्टीनंतर गोळी देण्याचा. मार्गदर्शक सूचनांत जेवणानंतर असंच लिहिलं आहे; परिपाठाची वेळ शाळेने सोयीसाठी काढलेली होती. पण सोमवार तसाच राहत होता, आणि श्रावण संपला तरी सोळा सोमवार धरणाऱ्या मुली वर्षभर असतात.

मग वार बदलायचा ठरला तर कोणता? इथे शिक्षकांच्या खोलीत खरी मजा आली. मंगळवार देवीचा आणि गणपतीचा. गुरुवार दत्ताचा, मार्गशीर्षात तर महालक्ष्मीचा. शुक्रवार संतोषीमातेचा. शनिवार मारुतीचा, शिवाय सकाळची शाळा. राहिला बुधवार. बुधवारी कोणाचा उपवास नाही, उलट ज्या घरांत मटण-मासळी चालते तिथे जमलं तर याच दिवशी शिजतं.

बुधवारलाही अडचण होती. अहवालाच्या छापील नमुन्यात तारखा सोमवारच्या. नमुना बदलायचा अधिकार शाळेला नाही, आरोग्य केंद्रालाही नाही. मॅडमना लेखी परवानगी हवी होती. तालुक्याच्या साहेबांनी फोनवर "करा, मी बघतो" एवढंच सांगितलं. दोन आठवडे कागदाची वाट पाहून शेवटी मुख्याध्यापकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घेतला आणि त्याची प्रत आरोग्य केंद्राला पाठवून दिली. परवानगी मागण्याऐवजी कळवलं. या वर्षातला सगळ्यात शहाणा प्रशासकीय निर्णय मला हाच वाटतो.

काय केलं

सुरुवात मुलींपासून नाही, आयांपासून केली. शाळेत पालकसभा घेतली असती तर बाप आले असते आणि श्रावणातल्या घटनेवर भांडण झालं असतं. म्हणून आशाताईंनी विषय बचत गटांच्या बैठकांत नेला. सिस्टरनी माला-एनचं पाकीट आणि निळ्या गोळ्यांचं पान शेजारी ठेवलं. हे करावं की नाही यावर आमच्यात मतभेद होता. माझी भीती अशी की पाकीट दाखवलं तर संशय पक्का होईल. सिस्टर म्हणाल्या, "संशय आहेच की. झाकला तर वाढंल." त्यांनी पाकिटातल्या 21 गोळ्या बोटाने वेगळ्या दाखवल्या आणि म्हणाल्या, ही पाळणा लांबवायची. मग उरलेल्या सातांवर बोट ठेवून, ही नुसती लोहाची. गोळीची रोजची सवय मोडू नये आणि पाळीत गेलेलं रक्त भरून यावं म्हणून पाकिटात घातलेली. लेकीला देतो त्यात लोह आणि फॉलिक ॲसिड आहे, पाळणा लांबवणारं काही नाही. त्यानंतर त्यांनी बैठकीतल्या बायांची रक्त तपासणी केली. कित्येक जणींचं हिमोग्लोबिन दहाच्या खाली निघालं. लेकीच्या गोळीचा प्रश्न तिथून पुढे आयांचा स्वतःचाही झाला.

मुलींना आधीच सांगितलं की शी काळी होईल, ते न शोषलेलं लोह आहे, घाबरायचं नाही. पहिल्या दोन-तीन वेळा मळमळेल, मग बहुतेकींचं कमी होतं. मळमळलं तर सांगायचं, त्या आठवड्यात गोळी सोडली तरी चालेल, कोणी रागावणार नाही. ही सूट मॅडमना पटत नव्हती. मुली गैरफायदा घेतील असं त्यांना वाटत होतं. काहींनी घेतलाही. पण नळाकडे जाण्याचं कारण संपलं.

बुधवारी खिचडीनंतर वर्गातच गोळी, प्रत्येकीची पाण्याची बाटली बाकावर. मॅडमनी पहिली गोळी सगळ्यांसमोर स्वतः घेतली आणि मग दर बुधवारी घेत राहिल्या. जेवणासोबत लोह थोडं कमी शोषलं जातं हे खरं आहे. पण गटारात गेलेली गोळी अजिबात शोषली जात नाही. ती कसर भरून काढायला बुधवारच्या खिचडीवर लिंबाची फोड सुरू केली. आवळ्याच्या दिवसांत मुली स्वतःच झाडाखालचे आवळे घेऊन यायच्या. चहा आणि गोळी यांत निदान तासाचं अंतर, एवढंच बंधन. दुपारची वेळ असल्याने ते आपोआप पाळलं गेलं.

विज्ञानाच्या तासाला दहावीतल्या एकीने विचारलं की रोज लागतं तर गोळी आठवड्यातून एकदाच का? लोहाचा डोस घेतला की शरीरात हेपसिडिन, म्हणजे लोहाचं शोषण आवरणारं संप्रेरक, वाढतं आणि पुढचा दिवसभर आतडं लोह कमी आत घेतं. शिवाय आठवड्याच्या डोसाने पोटाचा त्रास कमी होतो. पण ही मात्रा रक्त राखण्यासाठी आहे. ज्यांचं आधीच उतरलंय त्यांना रोजचं औषध लागतं. या उत्तराने दहावीचा वर्ग गोळी गांभीर्याने घेऊ लागला, असं मॅडमचं निरीक्षण आहे. मला वाटतं, त्याहून जास्त काम पी.टी. सरांनी केलं. गावातल्या मुलींचं स्वप्न पोलीस भरती आहे आणि मुलींना 800 मीटर धावावं लागतं. पुढे आई व्हायचंय म्हणून गोळी खा, हे वाक्य चौदा वर्षांच्या मुलीला शिवत नव्हतं. दुसऱ्या फेरीला दम का लागतो, याचं उत्तर रक्तात आहे, हे शिवलं. सर बुधवारी संध्याकाळी मैदानावर विचारायचे, "गोळी झाली का? मग पळा."

मुलग्यांनाही गोळ्या पुन्हा सुरू केल्या. साठा कमी पडला तर दोघांनाही त्या आठवड्यात नाही, असं ठरलं. मुलींची गरज जास्त असताना हे अन्यायाचं वाटेल. चिडवणं थांबवायला दुसरा उपाय सुचला नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं तेव्हा हिमोग्लोबिन तपासणी झाली. मागच्या एका वर्षी आकडे वर्गात मोठ्याने वाचले होते आणि एका मुलीला वर्षभर 'पांढरी' हे नाव चिकटलं होतं. या वेळी प्रत्येकीला घडी घातलेली चिठ्ठी दिली. बारा ग्रॅमच्या खाली पण आठच्या वर असलेल्या मुलींना सूचनेप्रमाणे रोज दोन गोळ्या, तीन महिने, आशाताईंच्या देखरेखीखाली. आठच्या खाली एकच निघाली, ती श्रावणात सगळ्यात आधी ओकलेली नववीतली मुलगी. तिला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. तिची पाळी आठ-नऊ दिवस चालायची आणि दिवसाला सहा-सात वेळा कापड बदलावं लागायचं. घरात कोणाला हे जास्त वाटलं नव्हतं, कारण आईचंही तसंच होतं. आठवड्याच्या गोळीने तिचं काही भागणार नव्हतं.

निष्पत्ती

दिवाळीपर्यंत पाचवी ते आठवीच्या बहुतेक मुली बुधवारी गोळी घेताना दिसत होत्या. कुंपणात गोळ्या सापडणं बंद झालं. अहवालातला आकडा मात्र घसरला, कारण आता मॅडम खरं लिहीत होत्या. तालुक्याच्या बैठकीत शाळेला कामगिरी का घटली असं विचारण्यात आलं. मुख्याध्यापकांनी सविस्तर उत्तर दिलं. ते कोणी वाचलं का, कल्पना नाही.

हिवाळ्यात साठा संपला आणि बरेच बुधवार कोरडे गेले. सवय लागत असतानाच खंड पडला. पुन्हा सुरू करताना नववी-दहावीच्या काही मुली परत आल्या नाहीत.

रोजच्या गोळ्यांवर असलेल्या मुलींपैकी निम्म्याहून जास्त जणींचं हिमोग्लोबिन पुढच्या तपासणीत वाढलेलं होतं. काहींचं हललं नाही. त्यातल्या दोघींनी गोळ्या अर्ध्यात सोडल्या होत्या. बाकीच्यांना थॅलेसेमिया मायनर वगैरे रक्ताचा आनुवंशिक दोष आहे का, हे पाहायला पुढे पाठवलं आहे. नववीतली ती मुलगी उपचारांनंतर दहाच्या वर आली आणि शाळेत नियमित आहे.

फडावर गेलेल्या मुलींचा प्रश्न सुटला नाही. जाताना प्रत्येकीच्या आईकडे घट्ट झाकणाच्या डबीत दहा गोळ्या दिल्या, कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, लहान लेकरं असतात म्हणून त्याहून जास्त दिल्या नाहीत. डबी उंच बांधा, असं बजावलं. चैत्रात परतल्यावर बऱ्याच डब्या जशाच्या तशा आल्या. पहाटे चारला उठून मोळ्या बांधणाऱ्या घरात बुधवार कोणाला आठवणार? ज्या मुली हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडे राहिल्या, त्यांच्या गोळ्या तुलनेने नीट चालल्या. आईबाप गेले की आजी नातीवर लक्ष ठेवते, आणि आशाताई आजीच्या ओट्यावर रोज बसायच्या.

निर्णयाच्या जागा

पहिली जागा शिपायाने गोळ्या टेबलावर आणल्या ती. तिथे मॅडमना विचारायला कोणी सुरक्षित माणूस असता तर कडक तपासणी सुरू झाली नसती, आणि श्रावणातला सोमवार बहुधा टळला असता. शंभर टक्क्यांचा अहवाल आला की शाबासकी आणि साठ टक्क्यांचा आला की नोटीस, ही पद्धत असेपर्यंत शाळा शंभरच लिहिणार. तालुक्याने अशा शाळांना नोटीस देण्याऐवजी गोळ्यांची वेळ आणि जागा बघायला माणूस पाठवावा. अर्ध्या तासात कळलं असतं की गोळी उपाशीपोटी दिली जातेय.

दुसरी जागा घटनेच्या दुपारची. आरोग्य केंद्राच्या दारात जमलेल्या पालकांशी डॉक्टर त्याच वेळी पाच मिनिटं बोलले असते, गोळीचं पान हातात धरून, तर विषबाधा हा शब्द इतका फिरला नसता. ते आत मुली तपासत होते, हे योग्यच. पण बाहेर बोलायला कोणीही नेमलेलं नव्हतं. शाळेत गोळी वाटपाच्या दिवशी आरोग्य केंद्रातल्या कोणाचा फोन चालू राहील आणि पालकांशी कोण बोलेल, हे आधी ठरवून ठेवायला हवं.

जंतनाशकाची मोहीमही ऑगस्टमध्येच येते. त्या वर्षी दोन्ही गोळ्या एकाच आठवड्यात पडल्या आणि पालकांच्या लेखी त्या एकच झाल्या. श्रावण आहे हे कॅलेंडरात छापलेलं असतं. लोहगोळीची सुरुवात जूनमध्ये, जेवणानंतर आणि सौम्यपणे झाली असती तर ऑगस्टपर्यंत मुलींची पोटं आणि मनं दोन्ही सरावली असती.

पाकीट दाखवायचा सिस्टरचा निर्णय बरोबर ठरला, पण तो प्रत्येक गावात ठरेल असं मी म्हणणार नाही. सिस्टर त्या गावात बारा वर्षं होत्या आणि बैठकीतल्या निम्म्या बायांची बाळंतपणं त्यांच्या हातची. नव्या माणसाने तेच केलं तर उलटही पडू शकतं.

नववी-दहावीचा पेच अजून तसाच आहे. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच. ज्या वयात मुलीची गरज सगळ्यात जास्त, त्या वयात शाळेची खिचडी बंद होते, आणि जेवणानंतर गोळी ही सूचना मात्र तिलाही लागू. या शाळेत बुधवारी डबा आणायला सांगितलं; निम्म्या मुली आणायच्या, काही भाकरीचा तुकडा दप्तरात लपवून खायच्या. मग स्वयंपाकाच्या मावशींनी बुधवारी खिचडी थोडी जास्त टाकून उरलेली मोठ्या मुलींना वाढायला सुरुवात केली. कागदावर ती कुठेच नाही, आणि तपासणीत कोणी धरलं तर मावशींचं काम जाईल. म्हणून पुढच्या जूनपासून बुधवारी नववी-दहावीला शेंगदाणे-फुटाणे देण्याचा खर्च ग्रामपंचायतीने उचलावा असा अर्ज शाळेने दिला आहे. सरपंचबाई बचत गटाच्या त्या बैठकीत होत्या. ठराव मंजूर झाला आहे, पैसे अजून आलेले नाहीत.